ताईंची फाइल अजून उघडी होती

आज सकाळी आमच्या वैशालीताई गेल्या.

आणि दुपारी त्यांना पोहोचवायला जायचं सोडून मी महाळुंग्याला, कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये बसलो होतो.

शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी पण सकाळपासून देतोय, कुणाला ते कळत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताई आमच्या आयटीच्या सीनिअर. पिंपळे गुरवच्या जुन्या घरातल्या. इंजिनिअर झाल्या, मीटिंगमध्ये इंग्लिश फाडायच्या, पण आमच्याशी बोलताना पक्क्या गावच्या.

शनिवारी काम करताना त्यांचं डोकं ठणकायला लागलं. "आले रं दोन मिन्टात" म्हणून उठल्या. पार्किंगमध्ये पडल्या. तिथून हॉस्पिटल, आणि आज सकाळी दाजींचा फोन.

दाजी म्हणजे त्यांचे मिस्टर. एवढंच म्हणाले, "तिची बहीण नगरहून निघालीया. ती आली की काढणार. तवर ये."

मी निघालो. नाशिक फाट्यापर्यंत पोहोचलोही होतो.

तेवढ्यात प्लँट हेडचा फोन. "अमोल, लाईन थांबलीये. लेबल चुकीचं छापतंय. अर्ध्या तासाचं काम आहे, करून जा ना."

आजपासून कस्टमरला नवीन लेबल द्यायचं होतं. प्रत्येक बॉक्सवर ते स्टिकर लागतं, त्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. त्याची फाइल ताईच बनवत होत्या. प्रिंटर मात्र जुनंच लेबल ओकत होता.

काय करू? बाइक फिरवली.

सर्व्हर रूममध्ये एकच स्क्रीन. काळी. त्यावर ताईंचंच लॉगिन चालू होतं. शनिवारी उठून गेल्या, त्यानंतर कुणी हातच लावला नव्हता.

लेबलची फाइल उघडायला एडिटरची, म्हणजे फाइलमध्ये लिहायच्या प्रोग्रॅमची, कमांड मारली आणि सवयीनं शेवटी & लावलं.

आमच्याकडे सगळ्यांचाच हा रोग. आमच्या पीसीवर एडिटर वेगळ्या खिडकीत उघडतो. & लावलं की तो मागे चालू राहतो, कमांड मारायची खिडकी, म्हणजे टर्मिनल, मोकळं. पण सर्व्हरला खिडक्याच नाहीत. एडिटरला तीच काळी स्क्रीन लागते. त्याला मागे पाठवलं की तो तिथेच थिजतो.

ताई यावरून किती वेळा ओरडल्या असतील! "अरं, त्याला म्होरं बसूं दे की! मागं ढकलतोस आन् वर यरर आला म्हून बोंब मारतोस."

एडिटर उघडलाच नाही. वर नुसतं 'स्टॉप्ड'.

परत मारली. परत 'स्टॉप्ड'.

खिशात फोन वाजत होता, तो दाजींचा असणार हे माहीत होतं.

मागे प्लँट हेड, डिस्पॅचचा माणूस, ट्रकवाला. सगळे अगदी माझ्या डोक्यावर उभे.

"रीस्टार्ट मार ना," प्लँट हेड म्हणाले. "जुन्या फाइलवरून नवीन बनव."

खरं सांगतो, बोट बटनाकडे गेलं होतं.

पण ताईंनी आम्हाला एक वळण लावलं होतं. एरर आला की आधी तो मोठ्यानं वाचायचा. सगळ्यांसमोर, लाज न बाळगता. "मनात वाचलं की मान्सं गाळून वाचत्यात," म्हणायच्या.

मी वाचायला लागलो. मोठ्यानं. माझाच आवाज मला विचित्र वाटत होता.

"दोन नंबर, स्टॉप्ड. तीन नंबर, स्टॉप्ड."

डिस्पॅचवाला वैतागला. "अहो, वाचताय काय? काहीतरी करा!"

दोन आणि तीन. थांबलेल्या प्रत्येक कामाला मशीन ओळीनं नंबर देतं.

मी दोनदाच कमांड मारली होती. मग एक नंबर कुठाय?

थांबलेल्या कामांची यादी काढली.

एक नंबरला तीच फाइल होती. शनिवारची. टेस्ट प्रिंट बघायला ताईंनी एडिटर तेवढ्यापुरता थांबवून ठेवला होता आणि त्या उठून गेल्या होत्या. परत येऊन पुढे न्यायचा म्हणून.

रीस्टार्ट मारला असता तर ते काम कुठून शोधत बसलो असतो देव जाणे.

मी एक नंबरला पुढे बोलावलं.

स्क्रीन भरून ताईंचं काम आलं. नवीन लेबल, अख्खं. फक्त शेवटच्या दोन ओळी राहिलेल्या. अर्ध्या शब्दावर कर्सर लुकलुकत होता.

मला काही दिसेना. डोळे पुसले. प्लँट हेडनी खांद्यावर हात ठेवला.

तो शब्द पूर्ण केला. दोन ओळी लिहिल्या. सेव्ह.

प्रिंटर खडखडला. बरोबर लेबल आलं. बाहेर लाईनचा आवाज सुरू झाला.

कुणाशी न बोलता निघालो. मोशीला ट्रॅफिक. पूर्ण रस्ताभर मनात एकच, बहिणीला उशीर होऊ दे, देवा, तिला थोडा उशीर होऊ दे.

नाही झाला.

मी घाटावर पोहोचलो तेव्हा अग्नी दिलेला होता. ताईंचा चेहरा बघायला मिळाला नाही. तो आता कधीच मिळणार नाही, आणि हे मला आयुष्यभर सलणार आहे.

दाजी ओल्या धोतरानं उभे होते. मला वाटलं बोलणार नाहीत. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनीच धरलं.

"आलास व्हय."

"दाजी, लाईन..."

"ठावं हाय. कंपनीतल्या पोरांनी सांगितलं. झाली का चालू?"

"झाली."

"कुनी केली?"

मी ज्वाळांकडे बघितलं.

"ताईंनी."

दाजी इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभे होते. तिथे खाली बसले आणि हमसून रडले.

ताई, श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.