अंगठ्याचा सूर

वाळवंटातल्या किदाल गावात तिनलबराका इम्झाद वाजवायची. एका तारेचं, गजाने वाजवायचं ते वाद्य बायकांचं, गिटार पुरुषांची. सत्तरीपर्यंत तिने गिटारीला हात लावला नव्हता, पण शेजारच्या अंगणात भाचा इकनान वाजवायला बसला की तिचे कान तिकडेच लागायचे. एका दुपारी चहाची किटली निखाऱ्यावर तशीच ठेवून ती तिकडे गेली.

"इकनान, तुझ्यासोबत दुसरा कोण वाजवतो रे? खाली सारखा एकच सूर चालू असतो."

"कोणी नाही गं मावशी, माझा अंगठाच तो."

"थापा मारू नकोस. आण इकडे."

इकनानने हसत दिलेली गिटार तिने मांडीवर घेतली, अंगठ्याने जाडी तार छेडली आणि लाकडाला कान लावला. मग उंटाच्या संथ चालीने ती तार छेडतच राहिली. बारीक तारेवर चाचपडत तिने आपल्या आईचं गाणं शोधून काढलं.

इकनानचं हसू विरलं. "हे मला कधी ऐकवलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

पुढे इकनानच्या बहिणीच्या लग्नात गिटार तिनलबराकाने वाजवली आणि इकनानने टाळ्यांचा ठेका धरला. काही म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली. मग त्यांनीच तिच्या आईचं ते गाणं पुन्हा वाजवायला लावलं.