धोंड्याच्या जेवणात मी बोलले ते

आमच्या वकिलांनी मला एक शब्द शिकवला होता, मोघम. सुनेनं हुंड्याची तक्रार केली, तीत लेकाचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. वकील म्हणाले, "आजी, तुमच्याबद्दल लिहिलंय ते सगळं मोघम आहे, असं आपण वरच्या कोर्टाला सांगू. मोघम असलं की तक्रार रद्द होते. तुम्ही असं काही बोलला नव्हता ना?"

लेक शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "न्हाय." आणि दाखवलं तिथं सही केली. शाळेत कधी गेले नाही मी. ही सही मला शिकवली कुणी, तर त्याच सुनेनं. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून, माझा हात हातात धरून.

मागच्या आठवड्यात निकाल लागला. कोर्टानं तक्रार रद्द करायला नकार दिला. वकिलांनी वाचून दाखवलं : सासूवरचा आरोप मोघम नाही. कुठल्या दिवशी, कुठं, कुणासमोर काय बोलली, सगळं लिहिलंय. खटला चालू द्या.

लिहिलंय ते खरं आहे हो.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना होता. व्याह्यांनी आम्हाला वळसंगला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. विहीणबाई पहाटेपासून पुरण वाटत होत्या. जावयाला वाण म्हणून त्यांनी तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे रचले, वर चांदीचा दिवा ठेवला. अनारसे असे जाळीदार, की मला कधी जमले नाहीत. मला खरं तर तेच म्हणायचं होतं. पण मी ताम्हनावरचा रुमाल उचलला आणि त्यांच्या भावकीतल्या बायकांसमोर म्हणाले, "एवढंच व्हय? आमच्या शेजारणीच्या जावयाला धोंड्यात चारचाकी मिळाली."

बायका हसल्या. एक म्हणाली, "घ्या, पुरणाच्या गाडीत बसवा जावयाला!" मीही हसले. एकट्या विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताम्हन रुमालानं पुन्हा नीट झाकलं. सून मला हळूच म्हणाली, "आत्या, जेवून घ्या की."

मला वाटलं, रीत आहे, बोलतातच बायका. माझ्या सासूनं मला काय कमी ऐकवलं होतं? पण लेकानं ते चारचाकीचं धरूनच ठेवलं. मग रोज तेच. एकदा त्यानं तिच्यावर हात उचलला. मी मेथी निवडत बसले होते. उठले नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी काड्या वेगळ्या करत राहिले. पुढं तो तिला वळसंगला सोडून आला, म्हणाला, "गाडी घेऊनच ये."

तक्रारीत ते मेथीचं तिनं लिहिलेलं नाही. मी वकिलांना दोनदा वाचायला लावलं. नाही लिहिलं.

काल लेक म्हणाला, "आपण दिल्लीच्या मोठ्या कोर्टात जायचं. कागद तयार झाले की तू सही कर."

मी म्हटलं, "मी बोलले होते रे. तूबी होतास की तितं."

"आई, तू व्हय म्हणालीस तर मी आत जाईन. कळतंय का तुला?"

कळतं की. नऊ महिने पोटात वागवलाय त्याला. वडील गेल्यावर भाकऱ्या विकून शिकवलाय. त्याचं वाईट व्हावं असं कुठल्या आईला वाटेल? पण तिलाही कुणीतरी वाढवलंच असेल की. त्या अनारशांवरूनच कळत होतं ते.

"पुन्हा खोट्यावर सही नाही करायची मी," म्हटलं. "कोर्टात विचारलं, तर व्हय म्हणीन."

तो ताटावरून उठला. दार ओढून गेला. भाकरी अर्धीच राहिली होती. मी ती झाकून ठेवली, आज दुपारपर्यंत. मग खाल्ली मीच.