चौदा नंबरचं दार

माझं वसमतला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तार जळली की मोटार बंद, तार बदलली की चालू... यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणायचं आणि भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याची चेष्टा करायची, ही माझी दोन कामं. आता माझी चेष्टा करा, हरकत नाही.

२००३ चा जानेवारी. माझे वडील, अण्णा, कालव्यावर पाटकरी होते – शेतकऱ्यांना पाळीनं पाणी सोडायचं काम. रिटायर होऊन पाच वर्षं झालेली आणि शुगरनं डोळे जात चाललेले. डॉक्टर म्हणाले होते, नजर राहील फार तर महिना-दोन महिने. अण्णांनी एकच हट्ट धरला – सिद्धेश्वर धरण बघायचं, पण जीपनं नाही, कालव्याच्या कडेनं पायी. धरणाखालच्या आमच्या मूळ गावापासून आठ किलोमीटर. माझी बायको सुमन लेकरं आणि जेवणाचा डबा घेऊन जीपनं पुढं गेली. डबा तिच्याकडे दिला, ही माझी चूक. अण्णांनी सकाळची गोळी घेतली होती, त्यांना वेळेवर खायला लागायचं.

कालव्यावर वाट चुकत नसते. पाण्याच्या उलट चालत राहायचं, धरण येतंच. आठला निघालो, अण्णांचा हात माझ्या खांद्यावर. तासाभरानं शेतात पाणी सोडायचं एक लोखंडी दार लागलं. पांढऱ्या रंगात १४, वर गंजलेलं चाक, शेजारी वाकडी बाभळ.

वीस मिनिटांनी पुन्हा १४. मला वाटलं, नंबर दोनदा टाकला असेल, सरकारी काम! तिसऱ्यांदा तीच बाभळ दिसली तेव्हा मात्र कालवा सोडून खालच्या कापसातून रस्त्याकडे निघालो. जीपचे हॉर्न ऐकू येत होते, अगदी शंभर पावलांवर. चालून चालून एक बांध चढलो... समोर कालवा, बाभळ, १४. अकरा वाजलेले, लख्ख ऊन, आणि मोकळ्या रानात मला कोंडल्यासारखं झालं.

अण्णांची शुगर उतरली होती, दरदरून घाम सुटला होता. मी खिसे उलटे केले – साधं चॉकलेट नाही. हाका मारल्या, कुणी ओ देईना. आपल्या हातानं बापाला मारतोय असं वाटून मला रडू आलं.

"काहून थांबून राहिला रे? कोणतं दार हाय?"

"चौदा. मघापासून चौदाच हाय, अण्णा."

ते मटकन खाली बसले. "इथं एक म्हातारी होती, गयाबाई. माझ्या शेवटच्या पाळीत तीन दिवस या दारापाशी बसली. म्या म्हणलो, उद्या देतो, घरी जा. दुसऱ्या दिवशी कालवाच बंद झाला. मी रिटायर झालो, ती बी वारली. तिला सांगायला बी गेलो न्हाई."

"ते राहू द्या. तुमी उठा."

"पाळी दिल्याबिगर उठता येत न्हाई, बाबू. मला चाकापाशी ने."

मी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. चाक जाम. अण्णांनी थरथरते हात ठेवले आणि ते फिरलं. पाणी शेताकडे जाणाऱ्या कोरड्या चारीत पडलं. अण्णांनी रानाकडे तोंड करून हाळी दिली, "पाणी आलं, गयाबाई! दारं धर!"

पाणी चारीच्या टोकाला गेलं आणि पहिल्या वाफ्यात वळलं. वाफा भरला, तोंडाशी माती पडली, पाणी दुसऱ्यात गेलं. मग तिसऱ्यात. खोऱ्यानं माती ओढून दारं धरणारं तिथं कुणीही नव्हतं. मी अण्णांना घट्ट धरून नुसता बघत राहिलो. पाचवा वाफा काठोकाठ भरला, आणि मी काही बोलायच्या आत अण्णांनी चाक उलटं फिरवलं. त्यांना तर दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

पुढं निघालो. तेरा लागलं. मग बारा.

धरणावर सुमननं आधी त्यांच्या तोंडात गूळ घातला, मग भाकरी. जरा हुशारी आल्यावर मी विचारलं, "दिसलं का धरण?"

"धरण राहू दे. वाफे किती भिजले?"

"पाच."

"बराबर. पाचच होते तिचे."

पुढच्या महिन्यात अण्णांची नजर पूर्ण गेली. त्या दिवशी काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर कळवा. मी फक्त एवढंच केलं – दुकानात गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणणं सोडलं.