काळूरामशेठच्या संगणकाची बोहनी

नागसेन पहिल्यांदा काळूरामशेठना भेटला, तेव्हा त्याला शेठ दिसलेच नाहीत. आधी दिसलं सोनं. गळ्यातल्या साखळ्या अशा, की बंद पडलेला टेम्पो बांधून कशेळीच्या पुलापर्यंत ओढत न्यावा. आणि अंगठ्या इतक्या, की शेठनी हात जोडले की शेजारच्या घरात भांडी घासताहेत असं वाटावं. त्या लखलखाटामागे, बऱ्याच आतल्या बाजूला, एक गोल प्रसन्न चेहरा होता. तो म्हणाला,

"तूच का रं तो, कंपूटरला अक्कल शिकवनारा?"

"हो शेठ."

"मंग आदी माज्या पोराला शिकव. तो शिकला तर कंपूटर शिकलाच समज."

ही २००७ सालची गोष्ट. ठाण्याजवळच्या वळ गावात शेठच्या बापजाद्यांनी जिथे भात लावला, तिथे आता शेठचं गोदाम होतं. साबण, चहा, बिस्किटं, टाल्कम पावडर असा माल तिथून थेट अंबाडीपर्यंतच्या दुकानांत जायचा. कुठला माल किती भरायचा, हे शेठ नाकाने ठरवायचे. गोदामाच्या दारात उभं राहून हवा ओढायची आणि जाहीर करायचं, "यंदा चहा चालनार!" कधी चालायचा. कधी नाही. नाकाने सुचवलेल्या टाल्कम पावडरीच्या एका थप्पीआड मांजरांच्या तीन पिढ्या सुखाने नांदल्या होत्या.

नागसेनने संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं. बाकीच्या मुलांचे डोळे नटी दिसल्यावर जसे होत, तसे याचे लांबलचक तक्ते दिसल्यावर होत. त्याने शेठना सांगितलं, "आपल्या संगणकात पाच वर्षांची लाखो बिलं पडून आहेत. ती मशीनला खायला घालायची. कशाबरोबर काय खपतं, कधी खपतं, याचे नियम ती स्वतःच शोधते. आपण काही सांगायचं नाही."

"काय पन न्हाय सांगायचा?"

"काही नाही."

"म्हंजे माज्या बायकोसारखी. तिलापन न सांगता समदा कलतं."

सौदा ठरला. दिवाळीची खरेदी मशीन म्हणेल तशी. जमली, तर नागसेनला पक्की नोकरी आणि दारावर पाटी. न जमली, तर रामराम. नागसेनने त्याच दिवशी आईला पाटीचा मजकूर सांगितला. आईने त्याच दिवशी तो अख्ख्या बौद्धवाड्याला सांगितला. आता माघार नव्हती.

मशीन बिलं चावू लागली. मध्येच लोडशेडिंग व्हायचं आणि तोंडातला घास तोंडातच राहायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. अखेर एका दुपारी पडद्यावर नियम उमटला. नागसेनने तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि चपला टेबलाखालीच सोडून गोदामातून पळत सुटला.

"शेठ! अगरबत्ती!"

"कोन गेला?" शेठ दचकून उठले.

"कोणी गेलं नाही! अगरबत्ती! ज्या दिवशी अगरबत्तीचा खोका खपतो, त्या दिवशी बाकी सगळा माल खपतो. ज्या दिवशी तो खपत नाही, त्या दिवशी काही म्हणजे काही खपत नाही. पाच वर्षं! एकदाही चूक नाही! सगळा धंदा अगरबत्तीवर चाललाय, शेठ!"

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरं पोरा, माजी आजी हाच सांगायची! तिच्याकरं कंपूटर पन नव्हता!"

त्या आनंदात शेठनी दोन ट्रक अगरबत्ती मागवली. गोदामाला असा वास सुटला की नाक्यावरचे लोक बाहेर चपला काढून आत यायचे. दुकानदार मात्र आपली नेहमीची दोन-चार पाकिटं घ्यायचे आणि साबण मागायचे.

नागसेनची श्रद्धा ढळली नाही. हा रोजचा खोका एकच गिऱ्हाईक उचलतं, हेही त्याने शोधलं होतं. मशीनपुढे नावं नव्हती, फक्त क्रमांक होते, आणि या थोर गिऱ्हाइकाचा क्रमांक होता एक. ना उधारी, ना कटकट, ना खाडा. अशा माणसाला निदान मिठाईचा डबा तरी द्यावा, म्हणून तो बिलं करणाऱ्या कमळकडे गेला.

"कमळताई, एक नंबरच्या गिऱ्हाइकाचा पत्ता द्या. दिवाळीची मिठाई पोचवायचीय."

"पोचवा की, दादा. वज्रेश्वरीला एस. टी. जाते. पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतील."

"तिथे दुकान आहे त्यांचं?"

"देऊळ हाय! अहो, ती बोहनी. संगणक आला तेव्हा शेठ बोलले, पहिलं बिल देवीच्या नावाने फाडायचं, मग दुसऱ्याचं. मी रोज सकाळी खोकाभर अगरबत्तीचं बिल फाडते आणि संध्याकाळी ते रद्द करते. सुट्टीला गोदाम बंद, मी नसते, म्हणून देवीपण नसते."

संगणकात मूळ बिलं जागच्या जागीच राहत आणि ती रद्द झाल्याच्या नोंदी वेगळीकडे साठत. तिकडे नागसेन कधी फिरकलाच नव्हता. तो पोत्यावर बसला. कमळने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

नागसेन घरी गेला नाही. त्याने देवीची सगळी बिलं वगळली आणि उरलेली मशीनला पुन्हा भरवली. आता सरळ, शहाणे नियम आले: अंबाडीकडे उटणं आणि साबण, यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत चहाची लहान पाकिटं, टाल्कम अजिबात नको. ती यादी घेऊन तो शेठपुढे उभा राहिला आणि बोहनीची हकिकत त्याने एका दमात सांगून टाकली.

शेठनी वज्रेश्वरीच्या दिशेने हात जोडले. अंगठ्या वाजल्या.

"तुजी मशीन चुकली न्हाय. तू चुकला. तिने अगरबत्ती खपव असा कुठं सांगितला? ती बोलली, अगरबत्ती असंल तर धंदा हाय. म्हंजे लावायची!"

"शेठ, पण ही यादी..."

"तीपन मागव. पन लावायची!"

यादीप्रमाणे माल आला आणि गोदामाच्या दारात रोज खोकाभर अगरबत्ती जळू लागली. ती दिवाळी काय वर्णावी! टेम्पो रांगेत उभे, हमालांना चहा प्यायला फुरसत नाही, साबण उतरतोय तोच चढतोय. शेवटच्या दिवशी गोदाम इतकं रिकामं झालं की मांजरांना थप्पीऐवजी शेठच्या खुर्चीखाली जावं लागलं. धुरामुळे पडदा दिसत नव्हता, तरी नागसेन संगणकापुढे चक्क नाचला. शेठनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली आणि साखळ्यांचे वळ त्याच्या शर्टावर उमटले.

जानेवारीत शेठनी नागसेनला रामराम केला. धंदा अगरबत्तीवर चालतो हे एकदा कळल्यावर संगणकवाल्याचं काम उरलं नव्हतं. तो आता ठाण्याला एका विमा कंपनीत आहे.