जेवणाआधीचं इन्सुलिन

भाचीच्या लग्नात जेवायला बसले, तर शेजारच्या अनोळखी बाईंनी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, पदर जरासा सरकवून पोटाला टोचलं आणि शांतपणे ताट पुढे ओढलं. मी मात्र माझं पेन मुठीत लपवून आडोसा शोधायला उठत होते.

"इथंच घ्या हो," त्या म्हणाल्या. "औषधाची कसली लाज?"

मागच्या वर्षी पोटभर जेवूनही मी वाळत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टर सांगत होते, "साखर रक्तातच फिरतेय. ती पेशींत जायला इन्सुलिन हवं." सुई म्हणजे शेवटच, असं समजून मी तीन महिने टाळलं. मग घेऊ लागले आणि अंगात बळ आलं, गेलेलं वजन हळूहळू परतलं. बहुतेकांच्या शरीरात हे इन्सुलिन न मागता येतं आणि खाल्लेलं अंगी लागतं. त्याचे आभार मानायचं कुणाला सुचतही नाही. मला ते सुचतं, रोज, प्रत्येक जेवणाआधी.

मी पुन्हा खाली बसले आणि तिथंच टोचून घेतलं. पहिल्या घासालाच डोळे भरून आले.

"तिखट लागलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, "खूप दिवसांनी माणसांत बसून निवांत जेवतेय."