सुईचं टोक

विद्युताईंच्या गोधडीत जे मूल झोपलं नाही ते भिवंडीत धड जन्मलंच नाही, असं कासार आळीत म्हणायचे. म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर स्वतः विद्युताईंचा. पूर्ण नाव विद्युल्लता. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकून. कारकून कसल्या, हेडमास्तरांच्याच सहीखालची खाडाखोड त्यांना दाखवून गप्प बसवणारी बाई! निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने पेढे वाटले असतील तर नवल नाही. त्यांनी मात्र दुसऱ्याच सकाळी सासूबाईंची सुयांची डबी काढली आणि खिडकीशी चटई टाकली.

भिवंडीत कापडाला काय तोटा? गोदामांतले तुकडे पोत्याने मिळतात. पण विद्युताई कोऱ्या कापडाला हात लावायच्या नाहीत. "कोरं कापड बाळाच्या अंगाला चावतं," त्या म्हणायच्या. "दहा वर्षं कुणीतरी नेसून, धुऊन, वाळवून मऊ केलेलं हवं." मग आळीतल्या बायका जुनी सुती लुगडी आणून द्यायच्या आणि विद्युताई ती चार पदरी घालून धावदोरा सुरू करायच्या. मधल्या भागाला बारीक सुई, काठाला जाडी. टाके असे की मोजपट्टी लावून बघावेत.

सासूबाईंचे दोन नियम होते. उठताना सुया मोजायच्या. आणि सुई मोडली तर दोन्ही तुकडे हातात येऊन एकमेकांना जुळल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, मग दारात पाहुणे ताटकळोत नाहीतर दूध उतू जावो. त्यासाठीच डबीत एक लोहचुंबक होतं, विद्युताईंच्या यजमानांच्या, म्हणजे कै. सुधीररावांच्या, बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरमधून काढलेलं.

आता खरी गोष्ट सांगायची तर गेली दोन वर्षं विद्युताईंना नीट दिसत नव्हतं. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धुरकट. माणूस समोर आला की कान दिसायचे, चेहरा नाही. नेत्रशिबिरातल्या डॉक्टरांनी पडदा खराब होतोय म्हणून मोठ्या तपासणीला बोलावलं होतं. ती चिठ्ठी विद्युताईंनी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर उदबत्तीचा पुडा ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि झाकायची हुशारी तरी किती. पेपर वाचायचा नाही, वर "पेपरात असतं काय हल्ली" म्हणायचं. मुलगा मिहिर चष्मा बदल म्हणाला की त्याच्याच पोटाच्या घेरावर घसरायचं. सुया ओवायला तानी होती. तानी पाड्यावरून रोज घरकामाला येणारी, सहा वर्षांपासूनची. "माझे हात ओले आहेत गं, तेवढ्या सात सुया ओवून ठेव," असं विद्युताई म्हणायच्या. हात कोरडे ठणठणीत असायचे. तानी सुया ओवून ठेवायची.

आधी हा नुसता ताठा होता. मग नात झाली, ईरा, आणि ताठ्याची भीती झाली. सून रुचिरा ठाण्याला नोकरीला. तिची सहा महिन्यांची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून ती कामावर जाणार होती. मिहिर राहनाळच्या गोदामात सुपरवायझर, त्याच्या शिफ्टला ना बूड ना शेंडा. ईराला सांभाळायला रुचिराची आई ठाण्यात तयारच बसली होती. पण रुचिरा म्हणाली होती, "आईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. ईरा इथेच राहील." हे वाक्य विद्युताईंनी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दहादा आठवलं होतं, आणि दहाही वेळा कूस बदलली होती. ईराच्या जावळाचा वास घेतल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नव्हता. डोळ्यांचं कळलं की सूनबाई पोरीला त्यांच्याजवळ एकटी ठेवायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी शुक्रवार. सुट्टी म्हणून आळीतले पॉवरलूम बंद. एरवी आळीत खटखटीपुढे कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि शुक्रवारी चमचा पडला तरी दचकायला होतं. रुचिरा ऑफिसात कागद द्यायला ठाण्याला गेली होती. तानी मोरीत भांडी घासत होती. ईरा आतल्या खोलीत नव्या गोधडीवर झोपली होती. जुनी अपुरी पडू लागली म्हणून आजीने ही मोठी शिवली होती, मंगळवारीच पुरी झालेली.

विद्युताई टोपड्याची नाडी शिवायला बसल्या. डबीतल्या सुया खोचायच्या गादीतून बारीक सुई उपसली आणि सवयीने अंगठा टोकावरून फिरवला.

टोक नव्हतं.

बोथट सुई बोटाला गोल लागते. ही सपाट लागली, कडेला खरखरीत. विद्युताईंनी पुन्हा अंगठा फिरवला, मग जिभेला लावून पाहिली. मोडलेलीच. आणि एकदम त्यांना सोमवारची दुपार आठवली. गोधडीच्या मधोमध सुई चालेना, तेव्हा "बोथट झाली मेली" म्हणत त्यांनी ती गादीत खोचली होती आणि दुसरी घेतली होती. डोळे धड असते तर तेव्हाच दिसलं असतं.

त्या उठल्या त्या धडपडतच. ईराला झोपेतल्या झोपेत उचललं आणि मोठ्या पलंगावरच्या चादरीवर ठेवलं. मंगळवारपासून पोर झोपेत मध्येच किंचाळून उठत होती. दात येताहेत, असं रुचिरा म्हणाली होती. आजीने दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या. त्या मीठमोहऱ्या आठवून विद्युताईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यांनी झबलं वर केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं. कमरेच्या वर काहीतरी लागलं, की नाही लागलं? डोळ्यांना तर नुसता गोरा धुरकटपणा.

"तानी! इकडे ये. हात पुसून ये. बघ गं, पोरीला डास चावलाय का?"

तानी वाकली. तिने बराच वेळ पाहिलं.

"लाल हाय बाय, बारीक."

"डासच ना?"

"डासाचा फुगतो. ह्यो न्हाय फुगला. टोचल्यावानी दिसतं."

ईरा जागी झाली, रडायला लागली, तशी तानीने तिला खांद्यावर घेतलं. विद्युताईंनी लोहचुंबक काढलं, गोधडी जमिनीवर पसरली आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली. बोटबोट अंतराने, सावकाश, शेत नांगरावं तसं. खोलीत फक्त ईराचं रडणं आणि कापडावरून लोखंड घासल्याचा आवाज. अर्धी गोधडी झाली, काही नाही. पाऊण झाली, काही नाही. काठाजवळ आल्या आणि चुंबक किंचित अडलं. मागे घेतलं, पुन्हा अडलं.

"ब्लेड दे!"

त्यांनी टाके उसवले, पदर उलगडले आणि दोन बोटांच्या चिमटीत ते धरलं. टोक! सुईचं टोक! "आई वज्रेश्वरी, तुझी खणानारळाने ओटी भरीन," असं म्हणत विद्युताई तिथेच जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि हसल्यासारखं रडल्या. कुणी विचारलं असतं तर त्या क्षणी त्यांनी आपलं घरदार लिहून दिलं असतं.

मग जीव थाऱ्यावर आला, आणि थाऱ्यावर आल्या आल्या डोकं चालायला लागलं. टोक सापडलं. पोर सुखरूप. रुचिराला यायला अजून तासभर. काठ परत शिवायचा, बस्स. पाठीवरचा ठिपका डासाचा. काय झालं म्हणून सांगायचं? काहीच तर झालं नाही. हात दाखवून अवलक्षण कुणी करावं?

"तानी, हे कुणाला बोलायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "आणि जाड्या सुईत दोरा ओव. माझे हात..."

"ओले हायत," तानी म्हणाली.

विद्युताईंनी तिच्याकडे मान वळवली. तानीचा चेहरा दिसत नव्हता, नुसते कानातले डूल दिसत होते.

"तुला ठाऊक आहे?"

"तुमी मना सुया ओवाया लावल्या तवापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी तरी कवा बोलल्या?"

काहीतरी करायचं म्हणून विद्युताईंनी तळहातावर दोन्ही तुकडे ठेवले आणि एकमेकांना जुळवायला घेतले. नियम तो नियम. एक टोक एका बोटाने सरकवलं, दुसरा तुकडा दुसऱ्या बोटाने. जुळेना. फिरवून पाहिलं, तरी जुळेना. त्यांनी दोन्ही तुकडे एकेक करून चिमटीत घोळवून पाहिले.

"तानी, ही दोन्ही एकाच सुईची ना?"

तानी ईराला घेऊन खाली बसली. "न्हाय बाय. घावलं ती जाडी हाय. तुमच्या हातातली बारीक हाय."

म्हणजे काठाचीही सुई मोडली होती. कधी, ते विद्युताईंना ठाऊकच नव्हतं. आणि बारकीचं टोक, मधोमध मोडलेलं, पोरगी जिथे तीन रात्री पाठ टेकून झोपली तिथलं, ते अजून सापडलेलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा चुंबक फिरवलं. उभं फिरवलं, आडवं फिरवलं, गोधडी उलटी करून फिरवलं. चटई झाली, फरशीच्या सांधी झाल्या, पलंगाची चादर झाली. काही नाही. टोक एवढंसं, नखाच्या पाव भागाएवढं. घराबाहेर झटकलं गेलं असेल. कापडात आडवं बसलं असेल. किंवा तिसरीकडे कुठे असेल, आणि तो तिसरा विचार मनात आला की विद्युताईंची बोटं थांबायची. तानीच्या खांद्यावर ईरा रडून रडून नुसती हुंदके देत होती.

रुचिरा आली ती जिन्यातूनच बोलत. "कशेळीच्या पुलावर दीड तास अडकले हो आई! नुसते कंटेनर. हे बघा, पिल्लूचा नवा पेला आणलाय. सोमवारपासून तुमची सत्ता..." आणि उसवलेली गोधडी बघून ती थांबली. "हे काय?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. टाका सुटला होता, नीट करत होते, असं म्हटलं असतं तर रुचिराने विश्वास ठेवला असता. विद्युताईंच्या ओठांवर ते आलंही. तेवढ्यात ईराने हुंदका दिला.

"रुचिरा, पोरीला डॉक्टरकडे ने. आत्ता," त्या म्हणाल्या. "तिच्या अंथरुणात सुईचं टोक आहे. एक सापडलं, एक सापडत नाही. पाठीवर ठिपका आहे. तो कसला ते मला सांगता येत नाही, कारण मला दिसत नाही. दोन वर्षं दिसत नाही. मी लपवलं."

रुचिरा ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेला खाली ठेवला, तानीकडून ईराला घेतलं, खिडकीत नेऊन पाठ पाहिली, बोटाने दाबून पाहिली. मग मिहिरला फोन लावला. "लगेच ये. बाळाचा एक्स-रे काढावा लागेल. नंतर सांगते, आधी ये." फोन ठेवून ती ईराची पिशवी भरू लागली. भरता भरता म्हणाली, "दोन वर्षं, आई?"

"हो."

"या दोन वर्षांत आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

हे विद्युताईंनी चुंबक फिरवतानाच मोजून ठेवलं होतं. बोथट म्हणून फेकलेल्या सुया त्यांना आठवत नव्हत्या, पण घरं एकूणएक आठवत होती. त्यांनी बोटं दुमडत सांगितलं: केसरीनाथांची नात, माधवीची जुळी, निशाचा मुलगा, कोन गावात दिलेल्या दोन... "अकरा," त्या म्हणाल्या. "अकरा झाल्या. मी आत्ता एकेकाला फोन करते. नंबर तेवढे लावून दे."

दारात तानी उभी होती. ईराला दिल्यापासून तिचे हात तसेच पुढे धरलेले होते.

"अकरा न्हाय बाय," ती म्हणाली. "बारा. आमचे चिंतूला बी दिली ना तुमी. उरल्या कापडाची."

चिंतू तिचा नातू, दीड वर्षाचा. ती गोधडी विद्युताईंच्या मोजणीत आलीच नव्हती. तुकडे उरले होते, एका दुपारी घाईघाईत शिवून दिली होती, आणि तानीने दोन्ही हातांनी डोक्याला लावून घेतली होती.

"तानी..." विद्युताई म्हणाल्या.

पण तानी पायऱ्या उतरू लागली होती. चपला न घालताच.

"थांब, मी येते. रिक्षा करू." विद्युताई चुंबक मुठीत धरून तिच्यामागे जिन्यापर्यंत आल्या. पुढे पाऊल टाकायचं तर पायरी कुठे संपते ते दिसेना. कठडा धरून त्यांनी खाली हाक मारली, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तानी, हात दे गं! मला दिसत नाही!"

तानी तोवर रस्त्याला लागली होती.