सुमन येऊन गेली काय?

बोट सुरू झाली नाही, की आमचे दत्ताराम भावजी आधी इंजिनाकडे बघायचेच नाहीत. किल्लीवरचा हात काढायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "सुमन येऊन गेली काय?" बोटीत बसलेली मुंबईची माणसं एकमेकांकडे बघायची. सुमन म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. ती बिचारी तेव्हा घरी भाकऱ्या थापत असायची.

सांगते, नीट सांगते. भावजी म्हणजे आमच्या मालकांच्या पाठचे. मोहोपाड्याला एका कंपनीत वायरमन होते. कंपनी बंद पडली आणि घरी बसले. कळंबच्या बाजूला, धरणाच्या काठी तेव्हा एक रिसॉर्ट झालं होतं. तिथल्या शेटनं कुठूनशी एक जुनी मोटरबोट आणली. इंजिन मागे टांगलेलं नाही हं, बोटीच्या पोटात, लाकडी झाकणाखाली. ती बोट भावजींच्या हाती आली, आणि मग त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं.

किल्लीला हात लावण्याआधी ते झाकण उघडून नाक आत घालायचे. आत पेट्रोलची वाफ कोंडली असली तर एका ठिणगीनं भडका उडायचा. पाहुणे घाई करायला लागले की म्हणायचे, "जरा वारा खाऊ द्या रं तिला." मग किल्ली फिरवायचे, ती एकदाच. आणि कान देऊन बसायचे.

"वयनी, किल्ली मारनं म्हंजे तिला विचारनं," मला सांगायचे. "एकदा विचारायचं आन गप ऱ्हायचं. धा वेळा विचारलं तर बॅटरी उतरती, मंग उत्तर द्यायला तिच्यात जीव नाय ऱ्हात. नुसतं टक केलं तर बॅटरी बघा, तिच्या टोकांचा गंज बघा. घुर्रघुर्र करून पेटत नसंल तर पेट्रोल नायतर ठिणगी."

"आणि काहीच बोलली नाही तर?"

"तर सुमन!" असं म्हणून मोठ्यानं हसायचे.

ते एका दसऱ्यावरनं. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, तशी सुमननं बोट पुजली. इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं तोरण बांधलं, एक टोक पुढच्या काचेच्या दांडीला, दुसरं गिअरच्या दांड्याला. चांगलं ओढून बांधलं. दुसऱ्या दिवशी बोटभर पाहुणे, शेट काठावर उभा, आणि किल्ली फिरवली तर बोट मुकी. भावजींनी बॅटरीची टोकं घासली, फ्यूज बघितले, वायरी चाचपल्या. घामाघूम झाले. शेवटी ध्यानात आलं, तोरणानं दांडा जरासा पुढे ओढलाय. दांडा बरोबर मधे नसला तर इंजिन सुरूच होत नाही. मुद्दाम तशी सोय असते, नाहीतर सुरू होताच बोट पळत सुटेल.

घरी येऊन म्हणाले, "देवीनंच हात धरला माझा. आन देवी घरचीच!"

सुमन कसली ऐकते! "मंग? नवऱ्याचा हात धरायला पंचांग बघू काय?"

तेव्हापासून बोट मुकी झाली की पहिला प्रश्न तोच, आणि हात गिअरच्या दांड्यावर.

सुमनचं माहेरचं शेत त्याच धरणात गेलेलं. सीझन संपला की भावजी तिला बोटीतून घेऊन जायचे. पलीकडचं वडाचं झाड आणि डोंगराची सोंड एका रेषेत आली, की इंजिन बंद. खाली तिचं शेत. ती पाण्यात हात बुडवून बसायची. मी एकदा त्यांच्याबरोबर होते.

मग सुमन आजारी पडली. कर्जतच्या दवाखान्यात भावजी खाटेशी बसून सारखं विचारायचे, "बरं वाटतं काय गं?" जरा वेळानं पुन्हा, "आता?" एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "अवो, एकदाच इचारायचं ना? तुमचाच कायदा हाय." आणि मग म्हणाली, "मला शेतावर सोडा." तेवढंच.

अस्थी न्यायच्या दिवशी बोटीत आम्ही दोघंच बसलो. कलश माझ्या मांडीवर. भावजींनी झाकण उघडलं नाही, वास घेतला नाही, सरळ किल्ली फिरवली. टकसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा. काठावर भावकी उभी होती. कोणीतरी हाक मारली, "दत्ता, ऱ्हाऊ दे रं, नदीवर जाऊ!" भावजी ऐकेनात. किल्ली फिरवतायत, फिरवतायत. अंगठा लाल झाला. मला ते बघवेना. तो प्रश्न त्यांच्या तोंडून येत नव्हता, आणि यायचा तरी कसा?

मीच म्हटलं, "भावजी, सुमन येऊन गेली का बघा."

त्यांचा हात थांबला. दांड्याकडे बघितलं. कधीतरी काठाला लावताना त्यांच्याच हातून जरासा पुढे राहिला होता. त्यांनी तो हळूच मधे आणला आणि तसेच धरून बसले.

"आलीवती, वयनी," एवढंच म्हणाले.

मग झाकण उघडलं, वारा खाऊ दिला. एका किल्लीत इंजिन सुरू झालं. वड आणि सोंड रेषेत आल्यावर त्यांनी ते बंद केलं, आणि सुमनला तिच्या शेतावर सोडलं. परत येताना किल्लीला हात लावला नाही. वल्ह्यानं आणली बोट, काठापर्यंत.

भावजी गेल्या पावसाळ्यात गेले. जुनी बोट आता काठावर पालथी पडलीय. रिसॉर्टवर नवी आलीय, मागे इंजिन टांगलेली. भावजींना घेऊन आम्ही तिच्यातूनच गेलो. चालवणाऱ्या भल्या माणसाला जागा ठाऊक नव्हती, ती मी दाखवली. "आता बंद करा," म्हटलं. त्यानं बंद केलं. कलश रिकामा झाला. मी पाण्यात हात बुडवला, सुमन बुडवायची तसा.

"निघायचं ना, काकू?" त्यानं विचारलं आणि बटण दाबलं. एकदाच. बोट लगेच सुरू झाली.

मला वाटत होतं, आज तरी अडावी.